एकच विषय घेऊन प्रार्थनेत टिकून राहायचं कसं: वही उघडण्यापासून उत्तर येईपर्यंत

बुधवारच्या आमच्या प्रार्थना सभेत दरवर्षी हे बघते. कुणीतरी येतं, डोळ्यांत पाणी असतं, पोराची नोकरी असते नाहीतर नवऱ्याची दारू नाहीतर बांधावरून चाललेली केस, आणि सांगतं की उद्यापासून पहाटे चारला उठून तासभर गुडघ्यावर बसणार. दोन आठवडे छान जातात. मग एक दिवस पाहुणे येतात, एक दिवस अंगात कणकण असते, तिसऱ्या आठवड्यात बायबल परत कपाटावर जातं आणि पुढच्या महिन्यात ते माणूस सभेलाच यायचं बंद होतं, कारण आता तोंड कसं दाखवायचं. माझा विश्वासच कमी पडला म्हणतात. विश्वास कमी पडलेला नसतो हो, सुरुवात उलट्या क्रमाने झालेली असते.

म्हणून हे लिहितेय, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या आपल्या मराठी ख्रिस्ती घरांसाठी. तुम्ही कॅथलिक असा, मेथडिस्ट असा की कुणाच्या घरी जमणाऱ्या छोट्या मंडळीतले, क्रम हाच चालतो.

तयारी (यासाठी एक आठवडा द्या, घाई नको)

१. विषय एकच घ्या आणि लिहून काढा

शंभर पानी वही घ्या, पहिल्या पानावर तारीख घाला आणि विषय दोन वाक्यांत लिहा. दोनच. लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाकडे वारंवार जायची तेव्हा तिचं मागणं एका वाक्यात मावत होतं, प्रतिवादीविरुद्ध न्याय दे. हन्नाने मुलगा मागितला (१ शमुवेल १). आपण मात्र बसलो की घरदार, गाव, देश, सगळं एका दमात उरकतो आणि उठल्यावर काय मागितलं तेच आठवत नाही.

"घरात शांती दे" असं लिहू नका, कारण सहा महिन्यांनी ती आली की नाही हे कसं कळणार? त्यापेक्षा असं लिहा की "चुलत्यांशी तीन वर्षं बोलणं बंद आहे ते सुरू होऊ दे, आणि पहिला शब्द माझ्या तोंडून निघू दे." देवाने हे कुठल्या मार्गाने करावं, कुणाच्या ओळखीने करावं ते लिहायचं नाही, ती त्याची बाजू.

तपासणी: लिहिलेलं मोठ्याने वाचा आणि लगेच पुढे म्हणा "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो". म्हणताना जीभ अडखळली तर थांबा, याकोब ४:३ वाचा आणि विषय परत लिहा. कुणाचं वाईट व्हावं असं काही आत दडलेलं असेल तर ते इथेच सापडतं.

२. वाटेतले दगड आधी उचला

मार्क ११:२५ मध्ये येशू म्हणतो, प्रार्थनेला उभे राहता तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. नवरे मंडळींनी १ पेत्र ३:७ वाचावं, बायकोला मान दिला नाही तर प्रार्थनेत अडथळा येतो असं तिथे सरळ लिहिलंय. मी दोन जावा बघितल्यात, दोघी एकाच सासूच्या आजारासाठी एकाच हॉलमध्ये प्रार्थना करायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत. शेवटी एकीने दुसरीला हळदीकुंकवासारखं बोलावून चहा पाजला, तेव्हा कुठे दोघींची प्रार्थना एक झाली.

आणि आपल्या वाटणीचं काम. नोकरी मागताय तर अर्ज भरलाय का? पोराशी बोलणं व्हावं असं मागताय तर फोन लावलाय का?

सावधान: देवाकडे मागताय म्हणून शुगरच्या, बीपीच्या, फिटच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. कुणी स्टेजवरून सांगितलं तरी नाही. गोळी घेणं म्हणजे अविश्वास असं शास्त्रात कुठेच नाही.

३. एक वचन धरा, आणि ते नीट समजून घ्या

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं, हे नको. विषयाला धरून एक उतारा निवडा आणि निदान महिनाभर तोच ठेवा. सुचत नसेल तर लूक १८:१-८, लूक ११:५-१३, मत्तय ७:७-११, स्तोत्र १३ नाहीतर स्तोत्र १३०.

लूक १८ बद्दल इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच दाखल्यावर आहे. लोक म्हणतात विधवेने न्यायाधीशाला सतावून सतावून काम करून घेतलं तसं आपण देवाला सतवायचं. पण तो न्यायाधीश देवाला भीत नव्हता आणि माणसांना जुमानत नव्हता, येशूने त्याला अन्यायीच म्हटलंय. असला माणूससुद्धा शेवटी ऐकतो तर रात्रंदिवस हाक मारणाऱ्या आपल्या लोकांचं देव का ऐकणार नाही, असा तो मुद्दा आहे. देव आणि न्यायाधीश सारखे नाहीत, म्हणून तर तो दाखला सांगितला. तहसीलदार ऑफिसात दहा हेलपाटे घालून आपल्याला सवय झालीय ना की साहेबाला कंटाळा आला की सही होते, तीच सवय घेऊन आपण प्रार्थनेला बसतो आणि मग आवाज चढवतो. देवाला कंटाळा आणायचा नाहीये. तो बाप आहे, लूक ११ मध्ये तर मासा मागणाऱ्या पोराला साप कोण देईल असंच विचारलंय.

दुसरा गोंधळ २१ दिवसांच्या उपासाचा. दानीएल १० मध्ये दानीएलाने तीन आठवडे शोक केला, चांगलंचुंगलं खाल्लं नाही, हे खरं. पण कुणीही २१ दिवस केलं की उत्तर मिळतंच असं तिथे म्हटलेलं नाही. नोव्हेनाचंही, म्हणजे कॅथलिकांच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचंही तेच, नऊ दिवस मनापासून करा, पण दहाव्या दिवशी विषय सोडून देऊ नका. दिवस ठरवून सुरुवात करायला हरकत नाही, देवाला मुदत देऊ नका एवढंच.

४. वेळ नवी काढू नका, जुन्या कामाला बांधा

पहाटे चार ज्यांना जमतं त्यांनी करावं, येशू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांतात जायचा (मार्क १:३५). पण ज्या बाईला पाच वाजता डबे करायचेत, ज्या माणसाची सेकंड शिफ्ट रात्री सुटते, त्याने चारची वेळ ठरवली तर ती मोडणारच. रोज न चुकता होणारं एखादं काम शोधा आणि त्याच्या लगेच मागे प्रार्थना लावा: दूध तापवून गॅस बंद केला की, अंघोळ झाली की, पोरांना स्कूलबसमध्ये बसवून परत आलं की.

आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी सकाळचं सगळंच वेळापत्रक कोलमडतं, बॅरल भरा, टाकी भरा, शेजारणीची पाइप काढा. म्हणून मी दोन वेळा ठरवल्यात, एक नेहमीची आणि एक पाण्याच्या दिवसाची. तुमच्याकडे ऊसतोडीचे दिवस असतील, रोप लावणी असेल, बाजाराचा वार असेल. त्या दिवसांची वेळ आजच ठरवून वहीत लिहा, त्या दिवशी सकाळी ठरवायला जाल तर ठरत नाही.

जागा एकच ठेवा. खुर्ची, खिडकी, जिन्याची पायरी, काहीही. दानीएल त्याच खिडकीपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा (दानीएल ६:१०). मोबाइल दुसऱ्या खोलीत, बायबल ॲपवर वाचत असाल तर छापलेलं घ्या, कारण वाचता वाचता व्हॉट्सॲपचा टिंग वाजला की संपलं.

तपासणी: विषय लिहिलाय, समेट केलाय किंवा निदान पहिला फोन केलाय, वचन ठरलंय, दोन वेळा लिहिल्यात. चारपैकी एक जरी राहिलं असेल तर अजून दोन दिवस घ्या.

रोजचं काम

५. बारा मिनिटं, या क्रमाने

पहिलं मिनिट गप्प बसा, काही बोलू नका. मग ठरलेला उतारा मोठ्याने वाचा, घाई न करता. त्या उताऱ्यात देव कसा दिसतो ते त्यालाच एक-दोन वाक्यांत सांगा ("तू ऐकतोस", "तू बाप आहेस"). प्रभूच्या प्रार्थनेतही भाकरीच्या आधी नाव, राज्य आणि इच्छा येते. मग कालच्या दिवसातलं जे चुकलं ते कबूल करा, गोल गोल नको, काय केलं ते. त्यानंतर वहीतला विषय, लिहिलाय तसाच. मग दोन मिनिटं परत शांत बसा, ही लोक हमखास गाळतात. शेवटी एका गोष्टीसाठी आभार, कालच्या दिवसातल्या, आणि आमेन.

रोज तेच शब्द वापरले तर चालतं का, असं मला फार लोक विचारतात, कारण मत्तय ६:७ मध्ये निरर्थक बडबड करू नका म्हटलंय. चालतं. पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय २६:४४). शब्द तेच असू देत, मन तिथे पाहिजे. जास्त बोललं की जास्त ऐकलं जातं असं समजून लांबवणं, ती बडबड.

सावधान: रडू आलं नाही, अंगावर काटा आला नाही म्हणून प्रार्थना लागली नाही असं धरू नका. बारा मिनिटं झाली की उठा. पहिल्या महिन्यात वाढवू नका, वाटलं तरी.

६. दिवसभर एक वाक्य

पौल म्हणतो निरंतर प्रार्थना करा (१ थेस्सलनी ५:१७), म्हणजे काम सोडून बसा असं नाही. आमच्या मंडळीतले एक काका वडगावला माग चालवतात. मागाच्या त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबवून नवी घालावी लागते, तेवढ्यात काका म्हणतात, "प्रभू, माझ्या पोराला सांभाळ." कांडी बसली, माग सुरू. दिवसात किती वेळा होतं ते त्यांनी कधी मोजलं नाही. त्यांना मी विचारलं लक्ष राहतं का, तर म्हणाले, "हात चालतात की आपोआप, तोंड रिकामंच असतंय." तुमच्या कामातली अशी कांडी शोधा: लाल सिग्नल, भाकरी उलटायची वेळ, बिडीचा कट्टा बांधून झाला की.

७. आठवड्यातून एकदा उपास, तोही जमेल तसा

एक वेळचं जेवण सोडा आणि तो वेळ प्रार्थनेला द्या. वेळ टीव्हीला दिला तर ते नुसतं उपाशी राहणं झालं. सुरू करायच्या आधी यशया ५८ वाचा, भुकेल्याला आपली भाकरी वाटून देणं हा मला आवडणारा उपास म्हणून देवाने सांगितलंय. सोडलेल्या जेवणाचे पैसे कुणाला तरी द्या.

सावधान: शुगर असेल, गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, गोळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतील तर जेवण सोडू नका, सीरियल सोडा नाहीतर मोबाइल सोडा. दानीएलानेही पूर्ण अन्न सोडलं नव्हतं.

८. एक सोबती, ग्रुप नको

महिनाभराने एकाच विश्वासू माणसाला विषय सांगा (मत्तय १८:१९). मी शेजारच्या आक्कांबरोबर बसते. त्या कन्नडमध्ये प्रार्थना करतात, मध्येच "स्तोत्र, स्तोत्र" (म्हणजे स्तुती असो) म्हणतात, मी मराठीत, दोघींना दोन्ही कळतं. बसायच्या आधी दोन मिनिटं विषयाचं काय चाललंय ते बोलून घेतो आणि मग बोलणं बंद, नाहीतर तासभर गप्पा आणि शेवटी पाच मिनिटं प्रार्थना होते.

सावधान: दुसऱ्याची गोष्ट व्हॉट्सॲपच्या प्रेयर ग्रुपवर टाकू नका. नवऱ्याची दारू, पोरीचं लग्न मोडलं, कुणाचा रिपोर्ट आला, हे गावभर व्हायला दहा मिनिटं लागतात आणि ज्याच्यासाठी प्रार्थना करताय तोच चर्चला यायचा थांबतो.

अडचणीचे दिवस

९. खंड पडला की काय करायचं

सगळं इथे अडतं, म्हणून हे सावकाश वाचा.

आईच्या स्वयंपाकघरात भिंतीला कॅलेंडर असायचं आणि खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, बोटभर उरलेली, वरच्या टोकाला दात उमटलेले. दादाच्या दारूसाठी ती रोज प्रार्थना करायची आणि झाली की त्या तारखेच्या चौकोनात एक बारीक रेघ ओढायची. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून ट्रंकेत. ती गेल्यावर ट्रंक उघडली तर सहा कॅलेंडरं निघाली. मी जमिनीवर पसरून बसले आणि रेघांपेक्षा मोकळे चौकोनच बघत राहिले. रोप लावणीच्या दिवसांत सलग आठ-दहा मोकळे. बाबा हॉस्पिटलात होते त्या महिन्यात चार रेघा. आणि एकही मोकळा चौकोन नंतर भरलेला नाही, कुठेच दोन रेघा एका चौकोनात नाहीत. मोकळ्याच्या पुढच्या चौकोनात नेहमीसारखीच रेघ, तेवढीच बारीक.

तेव्हा मला कळलं मी काय चुकत होते. मी एक दिवस चुकले की दुसऱ्या दिवशी दुप्पट बसायचे, तिसऱ्या दिवशी दमायचे आणि चौथ्या दिवशी लाजेने टाळायचे.

तर क्रम असा. चुकलेला दिवस मोकळा ठेवा, वहीत कारण लिहू नका. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला ठरल्या जागी बसा आणि पहिलं वाक्य फक्त "प्रभू, मी आलेय" एवढंच. माफीचं लांबलचक भाषण नको. मग नेहमीची बारा मिनिटं, जास्त नाहीत. महिनाभर खंड पडला असेल तरी हाच क्रम, फक्त वहीतला विषय परत एकदा नव्या तारखेने लिहा.

तपासणी: एकाच वारी सारखा खंड पडत असेल तर चूक वेळेची आहे, पायरी ४ वर जा. दोष मनाला देऊ नका.

१०. कोरडे दिवस

शब्द सुचत नाहीत, छत पितळेचं झाल्यासारखं वाटतं, हे येणारच. तेव्हा स्वतःचे शब्द बाजूला ठेवा आणि स्तोत्र उसनं घ्या. स्तोत्र १३ "किती काळ" असंच विचारत सुरू होतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही, आणि तेही पवित्र शास्त्रात आहे. मोठ्याने वाचा आणि आमेन म्हणा, त्या दिवसाची प्रार्थना झाली. रोमकरांस ८:२६ प्रमाणे आपल्याला नीट मागता येत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

सावधान: झोप उडालीय, जेवण जात नाही, जगणं नको वाटतंय असं असेल तर ते नुसते कोरडे दिवस नाहीत. पाळकांना किंवा फादरना सांगा आणि डॉक्टरलाही दाखवा. टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

११. महिन्यातून एकदा वही तपासा: चालू, बदल की थांब

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चहून आल्यावर जुनी पानं वाचा. तीन प्रश्न. परिस्थितीत काय हललं? माझ्यात काय हललं? विषय लिहिला तसाच बरोबर आहे का? एलीया पावसासाठी प्रार्थना करत होता तेव्हा त्याच्या चाकराला सहा वेळा काही दिसलं नाही, सातव्या वेळी तळहाताएवढा ढग दिसला (१ राजे १८). तळहाताएवढंच असेल तर तेही लिहा: चुलत्यांनी मान हलवली, पोराने फोन उचलला.

कधी विषय बदलावा लागतो. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं (२ करिंथ १२), मग तो काटा काढ म्हणत बसला नाही.

आणि कधी थांबावं लागतं. बाबांच्या किडनीसाठी आम्ही चौदा महिने मागितलं, ते गेले. दावीदाचं मूल गेलं तेव्हा तो जमिनीवरून उठला, अंघोळ केली, आधी देवाच्या घरात जाऊन नमन केलं आणि मग जेवला (२ शमुवेल १२). आम्हाला तसं लगेच उठता आलं नाही. मला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत आक्का रोज येऊन शेजारी बसायच्या, काही न बोलता. तुमचा विषय असा मिटला तर पान फाडू नका, त्यावर तारीख घाला आणि स्तोत्र १३ तिथेच लिहून ठेवा.

सावधान: "तुमचा विश्वास कमी पडला म्हणून" असं कुणालाही, कधीही म्हणू नका. गेथशेमानेत येशूने मागूनही दुःखाचा प्याला टळला नाही, आणि तिथे विश्वास कमी नव्हता.

१२. उत्तर आलं की

उत्तर दारात उभं असून न ओळखणं हे फार होतं. प्रेषित १२ मध्ये मंडळी तुरुंगातल्या पेत्रासाठीच प्रार्थना करत होती आणि पेत्र सुटून येऊन दार ठोठावत होता तर दार उघडायला गेलेल्या पोरीला म्हणाले तू वेडी आहेस. म्हणून वहीतल्या विषयाशी ताडून बघा.

पटलं की त्याच पानावर तारीख घाला. सोबत्याला त्याच दिवशी कळवा. चर्चमध्ये साक्ष द्यायची असेल तर आधी ज्याची गोष्ट आहे त्याला विचारा, आणि जे झालं तेवढंच सांगा, तीन वर्षं लागली तर तीन वर्षं म्हणा, मधल्या मोकळ्या दिवसांसकट सांगा, ऐकणाऱ्यांत तिसऱ्या आठवड्यात अडकलेलं कुणीतरी असतंच. दहा कुष्ठरोग्यांतला एकच परत आला होता (लूक १७), म्हणून पुढचा निदान एक महिना त्याच वेळेला, त्याच जागी, त्याच विषयासाठी आभार. लगेच नवा विषय घेऊ नका.

आईच्या पाचव्या कॅलेंडरमध्ये सप्टेंबरातल्या एका तारखेला पेन्सिलीने गोल आहे. दादा त्या दिवसापासून प्यायला नाही. सहावं कॅलेंडर त्यानंतरचं, त्यातही रेघा आहेत, रोप लावणीच्या मोकळ्या चौकोनांसकट. त्या कशाच्या म्हणून मी दादाला विचारलं, तर म्हणाला, "मला काय माहीत. सकाळी मी चहाला बसलेला असायचो आणि ती माझं नाव घेऊनच सुरू करायची."